मारतहळ्ळीहून कूपनाचा मागोवा

भारतातल्या कूपनांचं गाव कोणतं, असं कुणी विचारलं तर मी त्याला बेंगळूरुतल्या मारतहळ्ळीच्या पुलावर आणून उभं करीन. इथून रिंग रोडने दक्षिणेला निघालं की देवरबीसनहळ्ळीत एकाच आवारात फ्लिपकार्ट आणि स्विगी यांची मुख्यालयं आहेत. आणखी पुढे बेळ्ळंदूरला फोनपे. पश्चिमेला, जुन्या विमानतळ रस्त्यावर, विमानपुऱ्यात ब्रिटानियाचं कार्यालय कितीतरी वर्षं होतं. आता ते पूर्वेला व्हाइटफील्डच्या रस्त्यावर गेलं आहे. आणि पुलाच्या आजूबाजूला कपड्यांच्या फॅक्टरी आउटलेटांची रांगच रांग. 'फ्लॅट फिफ्टी', 'दोनावर दोन फ्री' हे फलक इथे बारा महिने असतात. पुण्या-नागपूरहून आयटीतल्या मुलाकडे आलेले आईवडील बेंगळूरु पाहायला लालबागेत जातात आणि खरेदीला मारतहळ्ळीत येतात.

कूपन म्हणजे गिऱ्हाइकाला दिलेला शब्द: तू एवढं कर, मी एवढं देईन. हा शब्द फुकट कधीच नव्हता. गिऱ्हाइकाने त्यासाठी दर वेळी काहीतरी मोजलं आहे. कधी नाव-पत्ता, कधी रांगेतला वेळ, कधी रॅपर, कधी फोन नंबर. म्हणून वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक कूपनाला मी एकच प्रश्न विचारणार आहे: तुझी किंमत गिऱ्हाइकाने कशात चुकती केली? हे एकदा कळलं की सवलत मागताना ओशाळायचं कारण उरत नाही, आणि भुलून जायचंही नाही.

छापील कूपनाच्या आधी

सवलत कागदावर यायच्या कितीतरी आधी ती भाजीच्या पिशवीत पडत होती. भाजीचे पैसे देऊन झाले की "मावशी, चार मिरच्या आणि कोथिंबीर टाका की" असं म्हणायचं, मावशीने "परवडत नाही हो ताई" म्हणायचं आणि तरी काडी-दोन काडी टाकायची. मारतहळ्ळीतल्या हातगाडीवर कढीपत्ता असाच वरून मिळतो. भाषा कुठलीही असो, हात पुढे केला की समोरच्याला कळतं. इथे गिऱ्हाईक मोजतं ते उद्या परत येण्याचं आश्वासन.

दुसरी पूर्वज म्हणजे बोहारीण. जुन्या कपड्यांचं गाठोडं आणि स्टीलच्या भांड्यांची पाटी घेऊन ती दुपारी दारात बसे. घरातल्या बायका एकेक कपडा बाहेर काढत, ती तो उजेडात धरून पाही. "ही पँट गुडघ्यात विरलीय ताई. अजून एक साडी घाला, मग पातेलं घ्या." "पातेलं नको, डबा दे. आणि झाकण घट्ट बसतंय का ते आधी दाखव." तासभर चाललेल्या या सौद्यात लपवाछपवीला जागा नव्हती. दोन्हीकडचा माल समोर असे, दोघींना दोन्हींची किंमत ठाऊक असे. पुढे बिग बाजारने रद्दी आणि जुनं सामान घेऊन त्याच्या बदल्यात कूपनं द्यायला सुरुवात केली, तेव्हा लोकांनी घरातल्या माळ्यांवरून काय काय खाली उतरवलं! ती कल्पना या बोहारणीचीच नात होती. फरक एका अटीचा होता: मिळालेलं कूपन वापरायचं तर त्याच्या चौपट किमतीची खरेदी करावी लागे. बोहारीण डबा देऊन निघून जाई. चौपट खरेदीचं बंधन तिने कधी कुणाला घातलं नाही.

छापील कूपनाचा जन्म अमेरिकेतल्या अटलांटा शहरातला. १८८६ साली कोका-कोला हे पेय तिथल्या औषधांच्या दुकानांत ५ सेंटला पेलाभर मिळू लागलं. आसा कँडलर या औषध व्यापाऱ्याने ते हाती घेतलं आणि १८८७-८८ मध्ये 'एक पेला मोफत' अशा चिठ्ठ्या वाटायला सुरुवात केली. आधी हाताने लिहिलेल्या, मग छापलेल्या. कंपनीच्या हिशेबाप्रमाणे १८९४ ते १९१३ या काळात सुमारे ८५ लाख पेले असे मोफत गेले, म्हणजे दर नऊ अमेरिकनांमागे एकाला. या योजनेतली खरी मेख वेगळी आहे. चिठ्ठ्या टपालाने कुणाला धाडायच्या, हे कळण्यासाठी कँडलर दुकानदारांकडून त्यांच्या भागातल्या रहिवाशांची नावं आणि पत्ते मिळवत असे. मोबदल्यात दुकानदाराला सरबताचा अर्क मोफत. आज आउटलेटच्या गल्ल्यावर "मॅडम, मोबाइल नंबर?" असं विचारतात, त्याचं मूळ इथे आहे. पहिल्याच कूपनाची किंमत नाव-पत्त्यात चुकती झाली होती, आणि ज्याचा पत्ता गेला त्याला कुणी विचारलंही नव्हतं.

हक्काचं कूपन

आपल्याकडे मात्र घरोघरी जे कूपन आधी शिरलं, ते आमिषाचं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात मे १९४३ पासून मुंबईत रेशनिंग सुरू झालं आणि धान्य-साखरेचा हक्क कागदावर आला. स्वातंत्र्यानंतरही साखर, रॉकेल, कधी कापड यांच्यासाठी कार्ड, कूपन आणि रांग ही त्रयी कित्येक दशकं टिकली. इथे कूपन दिल्याने पैसे वाचत नसत. कूपन नसेल तर पैसे असूनही माल मिळत नसे. किंमत चुकती होई ती वेळात. सकाळी सहाला रांगेत ठेवलेला रॉकेलचा डबा आणि त्यावर लक्ष ठेवायला उभा केलेला घरातला धाकटा मुलगा, हे अनेक मराठी कुटुंबांच्या आठवणीतलं चित्र आहे.

या काळाने आपल्याला एक सवय लावली. कूपन फेकायचं नसतं. ते रेशनकार्डात घडी घालून, देव्हाऱ्याखालच्या खणात किंवा डाळीच्या डब्यामागे जपून ठेवायचं असतं. पुढे जाहिरातदारांची कूपनं आली, तीही आपण त्याच श्रद्धेने जपली. पिझ्झ्याच्या दुकानाचं पत्रक फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावून ठेवणाऱ्या घरात टंचाईच्या दिवसांचं वळण अजून शिल्लक आहे, आणि मला ते वळण आदराचं वाटतं. ज्यांनी कागदाच्या एका तुकड्यावर महिन्याची साखर आणली, त्यांना कागदाची किंमत कुणी शिकवायची गरज नव्हती.

बेंगळूरुचं कोडं, मुंबईची प्रवेश फी

या वंशावळीतला सगळ्यांत रंगतदार अध्याय बेंगळूरु आणि मुंबई यांच्यामध्ये घडला. चाळीस-पन्नासच्या दशकांत बक्षिसांच्या शब्दकोड्यांनी लोकांना वेड लावलं होतं. 'स्पोर्टिंग स्टार' नावाचं साप्ताहिक बेंगळूरुत छापलं जाई. आर. एम. डी. चमारबागवाला यांची, तेव्हाच्या म्हैसूर संस्थानात नोंदवलेली कंपनी ते चालवत असे आणि त्यातून 'आर.एम.डी.सी.' शब्दकोडी निघत. साप्ताहिक बेंगळूरुचं, पण मोठा खप मुंबई राज्यात. कोडं सोडवायचं, छापील प्रवेशिका भरायची, फी जोडायची आणि मुंबईतल्या संकलन केंद्रावर नेऊन द्यायची. कोड्यात एकाच जागी दोन-दोन शब्द चपखल बसत. त्यांतला 'बरोबर' कोणता, हे संयोजकांनी आधीच ठरवलेलं असे. म्हणजे शब्दकोश पाठ असला तरी शेवटी मदार नशिबावरच.

मुंबई सरकारने १९४८ साली सोडती आणि बक्षीस स्पर्धांवर नियंत्रण आणि कर यांचा कायदा केला. बाहेरच्या राज्यात छापलेली वृत्तपत्रं त्यातून निसटत होती, म्हणून १९५२ मध्ये दुरुस्ती करून त्यांनाही कक्षेत आणलं. बेंगळूरुच्या कंपनीने आव्हान दिलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ९ एप्रिल १९५७ रोजी निकाल लागला: जुगार हा व्यापार नव्हे, त्यामुळे व्यापारस्वातंत्र्याचं संरक्षण त्याला मिळणार नाही. त्याच दिवशी केंद्राचा १९५५ चा बक्षीस स्पर्धा कायदाही न्यायालयाने उचलून धरला. या कायद्याने महिन्याची एकूण बक्षिसं १,००० रुपयांवर आणि प्रवेशिका २,००० वर जाऊ द्यायला बंदी केली होती. मात्र ज्या स्पर्धेत यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असतं, तिला हे बंधन लागू नाही, असंही न्यायालयाने सांगितलं.

या निकालाची सावली तुमच्या-माझ्या स्वयंपाकघरापर्यंत पोचली आहे. साबण, चहा, टूथपेस्ट यांच्या जुन्या स्पर्धा आठवा. तीन सोप्या प्रश्नांच्या खाली एक ओळ हटकून असे: 'मला हा साबण आवडतो, कारण...' आणि कंसात 'दहापेक्षा जास्त शब्द नकोत'. बक्षीस नशिबाने दिलं तर ती सोडत ठरते, घोषवाक्यावर दिलं तर कौशल्याची स्पर्धा. त्या एका ओळीने योजना कायद्याच्या सुरक्षित बाजूला राही. ती ओळ भरण्यासाठी रात्रीच्या जेवणात घरातला प्रत्येक जण एकेक विशेषण सुचवी. एक वाक्य आईच्या नावाने जाई, दुसरं मामाच्या पत्त्यावरून, तिसरं अजून बोलायलाही न लागलेल्या धाकट्या भावाच्या नावाने. मराठी घरांनी साबणावर केलेलं हे काव्य कुठल्या संग्रहात आलेलं नाही. कूपनाची किंमत इथे प्रतिभेत चुकती झाली, आणि कंपन्यांना हजारो घोषवाक्यं टपाल खर्चासह घरपोच मिळाली.

खेळणी, धावा आणि रॅपर

जाहिरात आणि वाचक यांच्यातला सगळ्यांत चोख सौदा मराठीत फार लवकर होऊन गेला आहे. किर्लोस्करवाडीहून जानेवारी १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं, ते नांगर आणि उसाचे चरक बनवणाऱ्या कारखान्याचं मुखपत्र म्हणून. त्याचंच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं, १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' आलं. गिऱ्हाइकाने आपलं लक्ष दिलं आणि बदल्यात त्याला वाचायला सकस मजकूर मिळाला. जाहिरातीच्या पोटी एवढी मोठी वाङ्मयीन परंपरा जन्मल्याची उदाहरणं जगातही थोडीच असतील.

नंतर जाहिरात कानांवाटे आली. रेडिओ सिलोनवर १९५२ पासून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. विविध भारतीची व्यापारी सेवा १ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई, पुणे आणि नागपूर इथूनच सुरू झाली. १९७६ च्या १ जानेवारीला दूरदर्शननेही जाहिरातींना दार उघडलं. बिनाकाच्या खोक्यात टूथपेस्टबरोबर प्लास्टिकचा बोटभर प्राणी निघे. हत्ती निघेल की जिराफ, हे खोकं उघडल्याशिवाय कळत नसे, आणि त्यामुळे घरातलं टूथपेस्ट कधी नव्हे इतक्या वेगाने संपे. मुलांनी इतक्या मन लावून दात घासल्याचं श्रेय दंतवैद्यांपेक्षा त्या प्राण्यांना जास्त आहे.

मराठी दैनिकांनीही या खेळात भाग घेतला. रोज पानाच्या कोपऱ्यात एक क्रमांकाचं कूपन. ते कापून तक्त्यावर चिकटवायचं, तक्ता भरला की भेटवस्तू. मग एखाद्या दिवशी कुणीतरी त्याच पानावर भजी ठेवलेली असत आणि घरात तपासणी सुरू होई. शेजाऱ्यांच्या रद्दीत, सलूनमध्ये, एसटी स्टँडवरच्या बाकावर सत्तेचाळीस नंबरचं कूपन शोधत लोक फिरत. इथली किंमत म्हणजे सलग काही महिन्यांची निष्ठा, आणि तीच वृत्तपत्राला हवी असे.

१९९९ साली इंग्लंडमध्ये क्रिकेटचा विश्वचषक होता आणि ब्रिटानियाने 'ब्रिटानिया खाओ, वर्ल्ड कप जाओ' ही योजना आणली. बिस्किटांच्या रॅपरवर धावा छापलेल्या. शंभर धावा जमल्या की दुकानातून पुस्तिका मिळे, तिच्यात खरवडायची जागा असे, आणि नशीब असेल तर थेट इंग्लंडची वारी. त्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातल्या चाळी-वाड्यांत रॅपरचा बाजार भरला होता. पन्नास धावांच्या बदल्यात बॅट एक दिवस वापरायला मिळे. चहाच्या टपरीमागे टाकलेले पुडे पोरं उलटून पाहत. शतकाच्या उंबरठ्यावर, नव्याण्णव धावांवर अडकलेल्या मुलाचं दुःख तेंडुलकरलाही समजलं असतं.

अशा योजना एका गृहीतकावर उभ्या असतात: वाटलेल्या कूपनांपैकी बहुतेक परत येत नाहीत. लोक विसरतात, हरवतात, कंटाळतात. हे गणित चुकलं तर काय होतं, ते १९९२ साली जगाने दोनदा पाहिलं. ब्रिटनमध्ये हूवर कंपनीने १०० पौंडांच्या खरेदीवर दोन विमान तिकिटं देऊ केली, आधी युरोपची, मग अमेरिकेची. लोकांनी साधा हिशेब केला आणि नको असलेले व्हॅक्यूम क्लीनर घेऊन घरी ठेवले, कारण तिकीट यंत्रापेक्षा महाग होतं. कंपनीला जवळपास ५ कोटी पौंडांचा फटका बसला. फिलिपिन्समध्ये पेप्सीने बाटलीच्या बुचाखालच्या क्रमांकावर १० लाख पेसोंचं बक्षीस ठेवलं होतं. २५ मे १९९२ रोजी ३४९ हा क्रमांक जाहीर झाला आणि तो सुमारे ८ लाख बुचांवर निघाला. कंपनीने पूर्ण रक्कम नाकारली, दंगे झाले, माणसं मेली. दिलेला शब्द मोडला की कागदाचा तुकडा किती जड होतो, हे तिथे कळलं.

"सोडेक्सो चलता है क्या?"

मारतहळ्ळीचं स्वतःचं कूपन म्हणजे सोडेक्सो. अशा जेवणाच्या कूपनांचं कूळ इंग्लंडमधलं. युद्धानंतर १९४६ मध्ये तिथे नोकरदारांच्या जेवणाच्या व्हाउचरना करसवलत मिळाली. १९४८ मध्ये ही सवलत दिवसाला ३ शिलिंगांवर, म्हणजे नंतरच्या १५ पेन्सांवर ठरली आणि २०१३ पर्यंत तशीच राहिली. तोवर १५ पेन्सांत पावाचा तुकडाही येईनासा झाला होता. भारतात सोडेक्सोची जेवणाची कूपनं १९९७ मध्ये आली. आपल्या आयकर नियमांतही एका जेवणामागे ५० रुपयांपर्यंतची रक्कम करमुक्त धरली गेली. दिवसाची दोन जेवणं, महिन्याचे बावीस कामाचे दिवस, म्हणून २,२०० रुपये. हा आकडा रिंग रोडवरच्या कितीतरी पगारपत्रकांत वर्षानुवर्षं तसाच छापला गेला.

इथे गंमत सुरू होते. कूपन जेवणासाठी, पण कंपनीच्या कँटीनमध्ये जेवण स्वस्त, आणि महिन्याअखेर कूपनांचा गठ्ठा उरलेला. तो घेऊन लोक किराणा दुकानात जात. मारतहळ्ळीतल्या दुकानाच्या काचेवर सोडेक्सोचं स्टिकर म्हणजे ग्राहकांना आवतणच. गल्ल्यासमोर पुस्तिका उघडायची, बिल पाहायचं आणि वेगवेगळ्या किमतींची कूपनं जुळवत बसायची. उरलेले पैसे परत मिळत नसत, म्हणून बिल कूपनांच्या बेरजेपर्यंत नेण्यासाठी शेवटी एक चिवड्याचं पाकीट, एक आल्याचा तुकडा, दोन चॉकलेटं टाकायची. मागे उभी असलेली रांग सहनशीलतेने पाहत असे, कारण तिच्याही हातात तीच पुस्तिका होती. भिशीच्या घरगुती बैठकीत वर्गणी सोडेक्सोत देण्याची बोलणीही मी ऐकली आहेत.

हे कूपन कुणी बक्षीस दिलेलं नव्हतं. तो कामगाराचा स्वतःचा पगार होता, कर वाचवण्यासाठी वेगळ्या कागदावर छापलेला. तरी कूपनाने घेतलेलं सामान 'फुकटात आलं' असं वाटे. पैशाला कूपनाचा सदरा घातला की तो आपला वाटत नाही आणि सैल हाताने खर्च होतो. सगळ्या जाहिरातविद्येचा पाया या एका अनुभवात आहे. २०१७ अखेर रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे कागदी पुस्तिका बंद झाल्या आणि कार्ड आलं. रांगेतली जुळवाजुळव संपली. त्याबरोबर खर्च डोळ्यांसमोर एकेका पानाने कमी होताना दिसणंही संपलं.

फ्लॅट फिफ्टीचं अंकगणित

आउटलेटांची रांग इथेच का, याला कारण आहे. लुई फिलिप, व्हॅन ह्यूसेन, अॅलन सॉली या कपड्यांच्या नाममुद्रा चालवणाऱ्या मदुराचं मुख्यालय बेंगळूरुत आहे, आणि शहराभोवती तयार कपड्यांचे कारखाने पसरले आहेत. हंगाम संपला, काही मापं उरली, रंग खपला नाही, की तो माल आउटलेटकडे वळतो. रिंग रोडवर पगारदार तरुण भरपूर. मालही तिथेच, गिऱ्हाईकही तिथेच. या सवलतीचं कारण समजण्यासारखं आहे आणि कित्येकदा ती अगदी सच्ची असते.

फलक मात्र पेन्सिल घेऊन वाचावा. २,००० रुपयांच्या शर्टवर '५० टक्के अधिक २० टक्के' लिहिलं असेल, तर ७० टक्के सुटत नाहीत. आधी १,००० होतात, मग त्यांवर २० टक्के म्हणजे २००; शर्ट ८०० ला पडतो आणि सूट ६० टक्क्यांची. 'दोनावर दोन फ्री' म्हणजे निम्मी किंमत, पण चार शर्ट लागत असतील तरच. आणि '३,००० च्या खरेदीवर ५०० रुपयांचं कूपन, पुढच्या २,००० च्या खरेदीवर वापरता येईल' हे वाचून मन हरखतं, तेव्हा बेरीज अशी: ५,००० चा माल, खिशातून ४,५००. सूट १० टक्के, आणि तीही दुसरी फेरी मारल्यावर.

अनेक दुकानांत आणखी एक खाच होती: कमी केलेल्या किमतीवर वेगळा कर लावायचा. छापील कमाल किंमत सर्व करांसह असते, मग तिच्यावर जाहीर केलेली सरसकट सूटही करांसहच हवी. जानेवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने अशी वेगळी आकारणी ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली. काही रुपयांसाठी दुकानाशी आयोगापर्यंत भांडलेल्या ग्राहकांमुळे हा निकाल मिळाला. आउटलेटमधून पिशव्या घेऊन बाहेर पडणारा प्रत्येक जण त्यांचा ऋणी आहे.

हे भांडण मराठी मातीत जुनं आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत आली. शेजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याच्या सामानाची यादी एकत्र करायची, माल घाऊक भावात आणून वाटून घ्यायचा. कूपन नाही, सोडत नाही, तरी सवलत आहे, आणि तिची किंमत दरमहा वाटपासाठी दिलेल्या श्रमात चुकती होते. अशा चळवळींच्या रेट्याने कायदेही बदलले. १९६९ च्या मक्तेदारी कायद्यात १९८४ साली दुरुस्ती होऊन, द्यायची नसलेली बक्षिसं जाहीर करणं आणि किमतीत आधीच धरलेली वस्तू 'मोफत' म्हणून देणं, या गोष्टी अनुचित प्रथा ठरल्या. १९८६ च्या आणि नंतर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ते तत्त्व कायम राहिलं. बक्षीस योजनेचा निकाल सहभागी लोकांपासून दडवणंही आता अनुचित आहे.

कोड लागला!

सप्टेंबर २०१३ मध्ये कांदा ८० रुपये किलोच्या घरात गेला होता. ग्रुपॉन या ऑनलाइन सवलतींच्या संकेतस्थळाने भारतात ९ रुपये किलोने कांदा देऊ केला. पहिल्या दिवशी ४४ मिनिटांत ३,००० किलो कांदा विकला गेला आणि संगणकयंत्रणा कोलमडली. लासलगावच्या बाजार समितीत आयुष्य गेलेल्या व्यापाऱ्यालाही एवढी झटपट उचल पाहून नवल वाटलं असतं. पुढच्याच वर्षी ६ ऑक्टोबर २०१४ ला फ्लिपकार्टचा 'बिग बिलियन डे' झाला. तीही यंत्रणा गर्दीने अडखळली आणि दुसऱ्या दिवशी संस्थापकांनी ग्राहकांची जाहीर माफी मागितली. २०१९ च्या दिवाळीत गुगल पेने पणती, झुमका, फूल, कंदील आणि रांगोळी ही पाच चित्रं जमवायला सांगितली. पाचही जमली की २५१ रुपये. रांगोळी कुणाला मिळेना. ज्यांचा वर्षानुवर्षं पत्ता नव्हता असे वर्गमित्र "रांगोळी आहे का रे?" विचारायला फोन करू लागले. मराठी अंगणात रोज फुकट पडणारी रांगोळी त्या दिवाळीत दुर्मीळ झाली. अशा बक्षिसांच्या योजनांतून तमिळनाडूतल्या ग्राहकांना वगळावं लागे, कारण तिथे १९७९ पासून बक्षीस योजनांना बंदी आहे.

या कूपनांची किंमत कशात चुकती होते? माहितीत आणि घाईत. आपण कधी, कुठे, काय, किती वाजता घेतो, ही नोंद कँडलरच्या पत्त्याच्या यादीपेक्षा कितीतरी खोल आहे. 'फक्त ९ मिनिटं उरली' हे घड्याळ विचार करायला उसंत देत नाही. आणि एक मोठा बदल झाला आहे. कागदावरचं कूपन सगळ्यांना सारखं होतं. शेजारीण आणि मी एकाच पत्रकावर एकच आकडा वाचत होतो, तो दाखवून दुकानदाराशी वाद घालू शकत होतो. आता तिच्या फोनवर ६० टक्के दिसतात, माझ्या फोनवर ४०, आणि उद्या सकाळी दोन्ही नाहीसे. पुरावाच हातात राहत नाही.

कायदा इथेही मागून येतो आहे. केंद्र सरकारच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी 'मोफत' म्हणण्यावर बंधनं आणली. ३० नोव्हेंबर २०२३ च्या सूचनांनी खोटी घाई दाखवणं, न मागितलेली वस्तू यादीत सरकवणं असे तेरा फसवे प्रकार नाव घेऊन निषिद्ध केले. पण हे नियम कामाला येतात ते गिऱ्हाईक बोलल्यावर. म्हणून ऑफर दिसली की स्क्रीनचं चित्र काढून ठेवावं, अटी वाचाव्यात, बेरीज करावी, शेजारणीच्या आकड्याशी ताडून पाहावी. कोड लागला नाही, कॅशबॅक आला नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी, रक्कम एकोणपन्नास रुपये असली तरीही. त्याला चिक्कूपणा म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नये. आपण आपला पत्ता दिला, वेळ दिला, रॅपर जमवली, घोषवाक्यं लिहिली, आता माहिती देतो आहोत. आपली बाजू आपण प्रत्येक वेळी पाळली. समोरच्याने त्याची पाळावी, एवढंच मागणं आहे, आणि ते मागायचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.